सोनूच्या रात्री

जून २०२५. पहाटे साडेपाचला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली लेक, सोनूची आई. घरात सगळे तिला ताईच म्हणतात. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. एवढ्या सकाळी फोन म्हटल्यावर छातीत धस्स झालं, पण ती शांतपणे म्हणाली, "आई, गेल्या वर्षी सोनू तुमच्याकडे नक्की किती दिवस होता? अंदाजे नको. मोजून सांग."

मी म्हटलं, "दहा महिने होता की."

"तसं नको गं. तारखांसकट हवंय. आयआरएसचं पत्र आलंय."

आयआरएस म्हणजे अमेरिकेचं आयकर खातं. ताई आणि जावयांनी २०२४ चं रिटर्न एकत्र भरलं होतं आणि त्यात सोनूला डिपेंडंट, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेलं माणूस, दाखवून दोन हजार डॉलरचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट, घेतलं होतं. आता खात्याने विचारलं होतं की हे मूल वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ तुमच्याबरोबर राहिलं याचे कागद पाठवा. मुदत तीस दिवसांची. पत्रासोबत ८८६-एच-डेप नावाचा एक फॉर्म होता आणि त्यात कोणते कागद चालतील त्याची यादी: शाळेचं पत्र, डॉक्टरांच्या नोंदी, पाळणाघराचं पत्र, अशी.

पुढचे तीन महिने आमच्या दोन्ही घरांत या एकाच विषयावर बोलणं चाललं. परदेशात नोकरी करणारी मुलं आणि इथे नातवंडं सांभाळणारे आजीआजोबा अशी घरं बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून सगळं नीट लिहिते आहे.

सोनू न्यू जर्सीत जन्मला, नोव्हेंबर २०२२ मध्ये. जन्म तिथला म्हणून तो अमेरिकन नागरिक. निळा पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी नंबर, आणि आमच्याकडे येण्याजाण्यासाठी ओसीआय कार्ड. लेक-जावई मात्र एच-१बी व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरीपुरतं राहायला मिळतो त्या. जानेवारी २०२४ मध्ये जावयांची नोकरी गेली. एच-१बीवाल्याला नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला साठ दिवस मिळतात. त्यांना मिळाली, पण ती टेक्सासमध्ये. ताईची नोकरी न्यू जर्सीत. सव्वा वर्षाचं मूल, एकटी आई, संध्याकाळी सात-सातपर्यंत मीटिंगा, आणि पाळणाघराचे महिन्याला एकोणीसशे डॉलर. मीच म्हटलं, "घेऊन ये त्याला. आम्ही दोघं आहोत ना."

९ मार्चला ती त्याला घेऊन निघाली आणि १० तारखेला बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या घरी पोचली. चार आठवडे राहिली आणि ७ एप्रिलला परत गेली. त्या संध्याकाळी सोनू दाराशी उभा राहून चपलांकडे बघत होता. तिच्या चपला नव्हत्या एवढंच त्याला कळलं होतं.

दिवस मोजायचे तर ह्यांनी पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो मागवून घेतले. मी कालनिर्णय काढलं. जुनी कॅलेंडरं मी टाकत नाही. एकतीस वर्षं एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात काढली, आणि रोजची नोंद रोज करायची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तारखेच्या चौकोनात दुधाच्या पिशव्या, गॅस कधी लावला, कामवाल्या बेनची सुटी, सगळं पेन्सिलने. २०२४ च्या कॅलेंडरवर ९ मार्चपर्यंत प्रत्येक चौकोनात २ आहे. बरोडा डेअरीच्या अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या. १० मार्चपासून ३.

मग पुढे ते ३ कुठेच चुकत नाही. मध्येच "ताप १०१", "दुसरी दाढ", "कमाटीबाग, टॉयट्रेन दोनदा". फक्त ऑगस्टमध्ये २७, २८, २९ हे तीन चौकोन दुधाशिवाय आहेत. तिथे "पाणी" एवढंच लिहिलंय. विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचे दिवस. गोकुळाष्टमीला पाऊस लागला तो थांबेना, आमच्या बिल्डिंगचं पार्किंग बुडलं, वीज गेली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खाली रस्त्यावरून बोटी जात होत्या आणि सोनू गॅलरीच्या जाळीला नाक लावून "बोत, बोत" करत होता. दूध येणार कुठून? डब्यातली दुधाची पावडर कोमट पाण्यात कालवून तीन दिवस काढले. नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या येत होत्या. रात्री मी त्याला दोघांच्या मध्ये घेऊन झोपत होते आणि दर तासाला उठून जिन्यात टॉर्च मारून पाणी कितव्या पायरीपर्यंत आलंय ते बघत होते.

दिवस मोजायला गेलं की येण्याजाण्याचा दिवस दोन्हीकडे धरला जातो, म्हणून मी रात्री मोजल्या. मूल जिथे झोपलं तिथे ती रात्र लावायची. २०२४ लीप वर्ष, म्हणजे एकूण ३६६ रात्री. १ जानेवारी ते ८ मार्च न्यू जर्सीत: ६८. एक विमानात, आईजवळ. बडोद्यात ताई सोबत असताना: २८. डिसेंबरात ती आणि जावई १४ तारखेला आले ते नव्या वर्षापर्यंत इथेच होते: १८. आईबाप किंवा त्यांच्यापैकी एकजण सोबत होता अशा रात्री झाल्या ११५. राहिल्या २५१. त्या रात्री तो आमच्या दोघांजवळ झोपला.

अर्ध्याहून जास्त म्हणजे १८४ तरी हव्या होत्या.

हा आकडा मी पहिल्या दिवशीच ताईला सांगितला. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आई, तरी तू कागद गोळा करून ठेव. बघू कशात बसतं."

तेव्हा मी कागदांच्या मागे लागले. पहिल्यांदा प्लेग्रुप. जूनपासून त्याला घराजवळच्या प्लेग्रुपमध्ये घातलं होतं, रोज दोन तास. फीच्या पावत्या गुजरातीत, आणि नाव प्रत्येक पावतीवर वेगळं लिहिलेलं. तिथल्या बेनना मी सगळं समजावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र टाइप करून दिलं: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येत होता, घरचा पत्ता काय, पालक म्हणून कुणाची सही. पत्ता समाचा. पालक म्हणून सही माझी. मग मुलांचे डॉक्टर. त्यांच्या कंपाउंडरने फाइल काढून दाखवली: चौदा वेळा दाखवलेलं, लसी कोणत्या कधी दिल्या, वजन किती. "साथे कोण" या रकान्यात प्रत्येक वेळी "दादी" किंवा "दादा". खरं म्हणजे गुजरातीत आईच्या आईला नानी म्हणायचं, पण सोनूला आम्ही आजी-आजोबाच शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचा गोंधळ झाला असणार.

ते कागद टेबलावर मांडून बसले तेव्हा लक्षात आलं की मी जो जो कागद आणते तो तो एकच गोष्ट सांगतो. हे मूल बडोद्यात राहत होतं, आणि आजीआजोबांजवळ राहत होतं. लेकीची बाजू भक्कम करायला निघाले होते आणि प्रत्येक पावती तिच्या विरुद्ध साक्ष देत होती.

ज्याने त्यांचं रिटर्न भरलं होतं तो ओळखीतून मिळालेला माणूस होता. ताईने त्याला आधीच सांगितलं होतं की मुलगा इंडियात आहे. "मूल अमेरिकन आहे ना, सोशल सिक्युरिटी नंबर आहे ना, मग दोन हजार मिळतात," असं म्हणून त्याने भरून टाकलं. आता पत्र आल्यावर त्याने सुचवलं की तिकडच्या जुन्या पाळणाघराकडून वर्षभराचं एक पत्र घ्या, ते ओळखीचे आहेत, देतील. आणि इथली पत्रं पाठवूच नका.

त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही चौघं होतो. जावई म्हणाले, "आई, पंधराशे-दोन हजार डॉलर आत्ता काढणं कठीण आहे. टेक्सासहून परत आल्यावर डिपॉझिट, गाडी, सगळं एकदम आलंय." मला त्यांची अडचण कळत होती. पण मी सांगितलं की पासपोर्टवर १० मार्चचा शिक्का आहे, खोटं पत्र त्या शिक्क्यासमोर टिकणार नाही, आणि टिकलं असतं तरी ते द्यायचं नाही. एकतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. ते पत्र पाठवायचं म्हणजे सोनू वर्षभर न्यू जर्सीत होता असं लिहून द्यायचं. मग त्या २५१ रात्रींचं काय? पुरातल्या त्या तीन रात्री कुणी जागून काढल्या? हे बोलताना माझा आवाज चढला. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. जावई म्हणाले, "नाही आई, ते पत्र घेणार नव्हतोच. फक्त पैशाचं बोलत होतो."

मग ताईने एक एन्रोल्ड एजंट शोधला. आयआरएसची परीक्षा देऊन, त्यांच्याकडे नोंदणी करून करदात्याच्या वतीने बोलू शकतात असे हे लोक. फी घेतली, पण माणूस चांगला निघाला. दोन कॉलवर मीही होते. माझा भाचा इथे सी.ए. आहे, तोही बसला होता. अमेरिकेचा कायदा त्याचा विषय नव्हे, पण नियम वाचायची नजर असते ना.

एजंटने काय सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहिते.

पहिली पायरी नागरिकत्वाची. डिपेंडंट दाखवायचं मूल अमेरिकेचं नागरिक किंवा तिथल्या कायद्याने रहिवासी असावं लागतं; कॅनडा-मेक्सिकोचे रहिवासीही चालतात. भारतात राहणारं भारतीय पासपोर्टचं मूल यात बसत नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची नात इथे जन्मलेली, इथेच वाढणारी, आईबाप कॅलिफोर्नियात. तिच्या खर्चाचा एक एक डॉलर ते पाठवतात, पण तिला ते त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवू शकत नाहीत. सोनू नागरिक, म्हणून आमची गाडी पुढे सरकली.

दुसरी पायरी: क्वालिफाइंग चाइल्ड, म्हणजे अटींत बसणारं मूल. नातं, वय, आणि वर्षातला अर्ध्याहून जास्त काळ करदात्याच्या घरी राहणं. दोन हजारांचं क्रेडिट याच मुलासाठी. तात्पुरती गैरहजेरी धरली जात नाही: आजारपण, शिक्षण, सुटी, कामानिमित्त बाहेर, सैन्यातली नोकरी, अशा कारणांनी मूल दूर असलं तरी ते घरीच होतं असं मानतात. ताईची सगळी आशा या कलमावर होती. एजंटने विचारलं, तो का गेला, किती दिवस राहिला, तिथे त्याची शाळा-डॉक्टर होते का. सगळं ऐकून म्हणाला की पाळणाघर परवडत नाही म्हणून दहा महिने आजीकडे ठेवलेल्या मुलाला मी तात्पुरती गैरहजेरी म्हणणार नाही, यावर मी सही करणार नाही. मी दिलेला ११५ चा आकडा त्याने दोनदा तपासला. ताई बडोद्यात होती त्या रात्रीही त्याने तिच्याच बाजूला धरल्या, तरी भागत नव्हतं.

आणि मग तो जे म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. नियमाने पाहिलं तर २०२४ मध्ये सोनू त्याच्या आजीचा क्वालिफाइंग चाइल्ड ठरतो. नातवंड त्या नात्यात बसतं, वय बसतं, राहणं बसतं. मी जर अमेरिकेत कर भरत असते, तर तो माझ्या रिटर्नमध्ये आला असता.

भाचा हळूच म्हणाला, "मावशी, ऐकलंस?" मला काही बोलवेना. ताईही पडद्यावर खाली बघत होती. सव्वा वर्षाच्या मुलाला सोडून जाताना ती विमानतळावर किती रडली होती ते मला माहीत आहे. एखाद्या आईला कायद्याच्या भाषेत असं ऐकायला लागू नये असं मला वाटलं. मी लगेच म्हटलं, "मूल तिचंच आहे हो. मी सांभाळलं फक्त." एजंट म्हणाला, "हो, आणि म्हणूनच तिसरी पायरी आहे."

तिसरी पायरी म्हणजे क्वालिफाइंग रिलेटिव्ह, अटींत बसणारा नातेवाईक. स्वतःचं मूल असेल तर इथे एकत्र राहण्याची अट नाही. मुलाचं उत्पन्न २०२४ साठी ५,०५० डॉलरच्या आत हवं. दीड-दोन वर्षांच्या बाळाचं कसलं उत्पन्न! ते दुसऱ्या कुणा करदात्याचं क्वालिफाइंग चाइल्ड नसावं. मी तिथे रिटर्न भरतच नाही, भरायला लागतही नाही, त्यामुळे मी "करदाता" म्हणून मोजली जात नाही. आणि शेवटची अट, त्याच्या वर्षभराच्या खर्चाचा अर्ध्याहून जास्त भाग आईबापांनी केलेला असावा. हे सगळं जमलं तर डिपेंडंट म्हणून दाखवता येतं आणि पाचशे डॉलरचं क्रेडिट मिळतं. दोन हजारांचं मिळत नाही.

खर्चाची अट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण ताई एप्रिलपासून दर महिन्याला पंचवीस हजार रुपये पाठवत होती, आणि मी त्यातला एक रुपया सोनूवर खर्च केलेला नव्हता. सगळे एफडीत. एफडी माझ्या नावावर, नॉमिनी सोनू. नातवाला जेवू घालायचे पैसे लेकीकडून घ्यायचे ही कल्पनाच आम्हा दोघांना सोसत नव्हती. दोघांची पेन्शन आहे, पुरतं. ताईला हे माहीत नव्हतं. त्या कॉलवर पहिल्यांदा सांगावं लागलं.

"आई!" एवढंच ती म्हणाली.

एजंटने सांगितलं की नुसते साठवलेले पैसे खर्चात धरता येत नाहीत. बाजूला ठेवलेला पैसा म्हणजे पालनपोषण नव्हे. म्हणजे बडोद्यातला सगळा खर्च आमच्या नावावर. मला वाटलं, संपलं. माझ्या मायेनेच लेकीचा हक्क घालवला.

दोन रात्री बसून मी हिशेब मांडला. त्याचा तक्ता असतो. त्यात खाणं, कपडे, औषधपाणी, सांभाळणं, शिक्षण, प्रवास आणि राहण्याची जागासुद्धा येते. स्वतःच्या घरात ठेवलं तरी त्या जागेला बाजारात जे भाडं आलं असतं ते धरायचं. आमच्या फ्लॅटला पंधरा हजार येतील. तीन माणसं, सोनूचा वाटा पाच हजार. पावणेदहा महिन्यांचे ४९ हजार. दूध, फळं, जेवण २९ हजार. त्याला सांभाळायला ठेवलेल्या बेनचे ५४ हजार. डॉक्टर आणि लसी १४ हजार. प्लेग्रुप २४ हजार. कपडे, खेळणी, फिरणं १० हजार. एकूण १ लाख ८० हजार. डॉलर त्या वर्षी चौऱ्याऐंशीच्या आसपास होता. त्याने भागलं तर २,१४३ डॉलर.

तिकडे ताईने मांडलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचं पाळणाघर ४,३००. घरभाड्यातला त्याचा वाटा २,०००. खाणं, डायपर, कपडे ७००. आरोग्य विम्याच्या हप्त्यातला त्याचा वाटा, जो तिने वर्षभर चालू ठेवला होता, १,४००. विमानाचं तिकीट १,१००. एकूण ९,५००.

दोन्ही बेरजा शेजारी लिहिल्या. ९,५०० आणि २,१४३. शंभरातले एक्याऐंशी-ब्याऐंशी टक्के आईबापांचे. अट पार पडली, अगदी सहज. ताईच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू आलं. मलाही बरं वाटलं, खरंच वाटलं. तरी कागद मिटवून ठेवताना मी त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत होते. तिकडच्या ६८ रात्री आणि विमा-तिकीट मिळून साडेनऊ हजार. इकडच्या २९७ रात्री, दूध, ताप, दाढा, पूर, सगळं मिळून एकवीसशे. हे म्हणाले, "अगं, तो भाव आहे. तिकडचा भाव आणि इकडचा भाव." बरोबर होतं त्यांचं.

उत्तर मुदतीच्या आत गेलं. एजंटने लिहिलं की राहण्याची अट पूर्ण होत नाही हे आम्ही मान्य करतो, दोन हजारांचं क्रेडिट काढून टाका. मूल क्वालिफाइंग रिलेटिव्ह म्हणून डिपेंडंट आहे, त्यासाठी पाचशेचं क्रेडिट द्या. सोबत जन्मदाखला, पासपोर्टचे शिक्के, पाळणाघराचं खरं स्टेटमेंट, भाडेकरार, दोन्ही खर्चांचे तक्ते. प्लेग्रुपच्या बेनचं पत्र आणि डॉक्टरांच्या नोंदीही त्याने लावल्या. जे आहे ते सगळं त्यांच्यासमोर असू दे, म्हणाला. ताईने विचारलं होतं की दंड होईल का. तेव्हा त्याने सांगितलं होतं की नियम बेपर्वाईने डावलले असं ठरलं तर दोन वर्षं आणि फसवणूक ठरली तर दहा वर्षं हे क्रेडिट मागताच येत नाही. त्या जुन्या पाळणाघराच्या पत्राचा विचार मनात येऊन माझ्या अंगावर काटा आला. लेकीच्या पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न होता तो.

सप्टेंबरात निकाल आला. दोन हजार काढले, पाचशे दिले. फरकाचे दीड हजार डॉलर आणि त्यावर थोडं व्याज भरायचं. दंड नाही, बंदी नाही. सोबतच्या अहवालावर दोघांनी सह्या केल्या. मी ताईला म्हटलं, एफडी मोडते, तुझेच पैसे आहेत, घे. ती म्हणाली, "हात लावायचा नाही त्याला. ते सोनूचे." महिन्याला पाचशे असे हप्ते बांधून त्यांनी तीन महिन्यांत फेडले.

एक काम मात्र राहिलं होतं. एकदा हे क्रेडिट नाकारलं गेलं की पुढच्या वेळी मागताना ८८६२ नंबरचा फॉर्म जोडावा लागतो, या वर्षी अटी पूर्ण होतात हे दाखवायला. २०२५ साठी क्रेडिट २,२०० डॉलर झालंय, जुलैमध्ये कायदा झाला त्याने. यंदा ताईने रिटर्न आणि फॉर्म स्वतः बसून भरला, एजंटने तपासून दिला. भरायच्या आधी तिने पुन्हा फोन केला. या वेळी संध्याकाळी केला, माझी झोप मोडू नये म्हणून.

"आई, २०२५ चं कॅलेंडर आहे ना? सांग."

भिंतीवरून ते उतरवलेलं होतं, पण कपाटातच होतं. मी चष्मा लावून जानेवारीचं पान काढलं. १, २, ३, ४ तारखेला सोनू बडोद्यात. चारही रात्री आईबाप दोघंही इथेच. ५ तारखेला तिघं मिळून गेले.

"३६५ पैकी ३६५," मी सांगितलं.

पाचव्या चौकोनात पुन्हा २ आहे.